कुंपणापलीकडची वीस बिळं

माझी वहिनी आर्डिस हिच्याबद्दल गावात कुणी चार चांगले शब्द बोललं की माझं डोकं उठतं. बाई चांगली आहे, कोण नाही म्हणतंय? पण चांगल्या माणसाच्या अंगणाला अंगण लावून एकतीस वर्षं काढून बघा आणि मग माझ्याशी बोला. मी एल्डन क्विस्टाड. गायी पाळतो. इकडे पश्चिम डकोटात याला धंदा म्हणतात, माझी बायको लव्होन याला दुखणं म्हणते.

आर्डिसचं खूळ एकच, आकडा. जेवताना मी आपलं सहज म्हणणार, "आज तळ्यावर चाळीसेक गायी होत्या." ती चमचा खाली न ठेवता म्हणणार, "अडतीस." बरं, कुणी विचारलं होतं का? माझा मोठा भाऊ रूबेन, म्हणजे तिचा नवरा, गवत कापताना छातीत कळ येऊन गेला. दफन करून आम्ही चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो. पास्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आर्डिस, केवढी माणसं लोटली होती त्याच्यासाठी! दोनशे तरी असतील." नवऱ्याला माती देऊन दोन तास झाले नव्हते. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. आणि ही म्हणाली, "एकशे चौदा. गाणाऱ्या बायका धरून." पास्टरांचा काटा तसाच हातात राहिला. घरी येताना लव्होन म्हणाली, "अहो, तिला काहीतरी धरून ठेवायला हवं होतं, ते कळत नाही का तुम्हाला?" मला कळलं नव्हतं. मला लाज वाटली होती.

तोवर ती शाळेत स्वयंपाक करायची. त्याच हिवाळ्यात सहकारी भांडाराच्या फळ्यावर विद्यापीठातल्या कुणा प्रोफेसरबाईंची चिठ्ठी लागली की सरकारी कुरणातल्या प्रेअरी डॉगांवर नजर ठेवायला माणूस पाहिजे, दिवसभर एका जागी गप्प बसता आलं पाहिजे. भांडारात आम्ही सगळे पोट धरून हसलो. प्रेअरी डॉग! ज्या जनावराला आमच्या बापजाद्यांनी गोळ्या घातल्या, पाण्यात बुडवलं, धूर दिला, त्याच्यावर नजर कसली ठेवायची? डॉग आपलं नुसतं नावाला. घुशीपेक्षा थोराड, मांजरापेक्षा लहान, मातकट रंगाचं, आणि मागच्या पायांवर उभं राहून शेजाऱ्याच्या घरात डोकावणारं. गवत खातं ते खातं, वर जे खात नाही तेही कुरतडून टाकतं. का, तर महाराजांना लांबवरचं दिसलं पाहिजे! जिथे यांची वस्ती तिथे जमीन न्हाव्याकडून आल्यासारखी.

आर्डिसने ती चिठ्ठी फळ्यावरून काढली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. आणखी कुणी अर्ज करायला नको म्हणून. एकोणीस वर्षं झाली त्याला.

तिचं काम म्हणजे काय, ते मी एकदा तिच्याबरोबर बसून पाहिलं, आणि पुन्हा बसणार नाही अशी शपथ घेतली. कुरणात बारा फूट उंच लाकडी मनोरा आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत रोज पहिलं जनावर बिळाबाहेर यायच्या आत वर चढायचं, आणि शेवटचं बिळात गेल्यावरच खाली उतरायचं. मध्ये उतरलं की सगळी वस्ती ओरडत आत पळते आणि दिवस फुकट. मग वरच खायचं, वरच गारठायचं, आणि बाकीचं कॉफीच्या रिकाम्या डब्यात. दर अर्ध्या तासाने दुर्बिणीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांची नोंद. कोण खातंय, कोण कुणाच्या तोंडाला तोंड लावतंय, कोण कुणाला हाकलतंय. ओळखायचं कसं? वसंतात ओट्सचं आमिष लावून त्यांना पिंजऱ्यात धरायचं, कानात बिल्ला, आणि पाठीवर केस काळे करायच्या रंगाने मोठा नंबर. रंग सुकला की सोडून द्यायचं. अख्ख्या गावात केसांचा रंग सगळ्यात जास्त आर्डिस विकत घेते, आणि तिचं डोकं पांढरंशुभ्र आहे.

त्यात ती मेली जनावरं वाकुल्या दाखवल्यासारखी करतात. एक जण अचानक ताठ होऊन, हात वर फेकून, मान मागे टाकून किंचाळतं, की चर्चमध्ये एकाला जांभई आली की बाकीच्यांना येते तसं सगळी वस्ती उड्या मारत किंचाळते. मी विचारलं, "हे कशासाठी?" आर्डिस म्हणाली, "नक्की माहीत नाही." एकोणीस वर्षं बसून नक्की माहीत नाही! मी म्हटलं, "अंदाज सांग की." म्हणाली, "अंदाज तू सांगतोस, एल्डन. मी बघते."

आता मुद्द्यावर येतो.

सरकारी कुरण आणि माझं कुरण यांच्यामध्ये तारेचं कुंपण आहे. दक्षिणेला ते, उत्तरेला मी. तीन वर्षं पाऊस रुसला, त्यांच्याकडचं गवत संपलं, आणि पाहुणे तारेखालून माझ्याकडे यायला लागले. तारेला काय, गाय अडते, डॉग अडतो होय? गवत नाही म्हणून अर्ध्या गायी मी आधीच काढल्या होत्या. उरलेल्यांच्या तोंडचा घास ही फौज खात होती. मी रोज पिकअप घेऊन जायचो, खिडकीतून दोन-चार टिपायचो, पण असल्यांना गोळ्या कुठवर पुरणार.

सरकारी कुरणाच्या ऑफिसात डुएन टॅगर्ट नावाचा माझ्याच वयाचा मिशीवाला बसतो. त्याने नियम वाचून दाखवला. माझ्या बाजूला किमान वीस नांदती बिळं निघाली तर ऑफिस शरद ऋतूत औषध घालणार. आणि नुसतं माझ्याकडे नाही. पुन्हा लगेच इकडे सरकू नयेत म्हणून कुंपणाच्या त्या अंगालाही पाव मैलाचा पट्टा साफ करणार. एकोणीस निघाली तर काही नाही, आणि पाच वर्षं परत अर्ज करायचा नाही.

"अरे, मग लिही की वीस," मी म्हटलं. "मी मोजलीत."

"किती?"

"सतरा. पण घाईत होतो."

डुएनने मिशी पुसली. "एल्डन, तुझी मोजणी चालणार नाही. तू फिर्यादी. आम्ही ज्या माणसाचा नकाशा मानतो त्यानेच मोजायची."

"कोण तो माणूस?"

तो बाहेर बघायला लागला. मला समजायचं ते समजलं. आर्डिसचा मनोरा त्या पाव मैलाच्या पट्ट्यात बरोब्बर मधोमध उभा आहे. तिच्या वह्यांमधली सगळी घराणी, आज्या, मावश्या, पणत्या, त्याच पट्ट्यात नांदतात. म्हणजे माझ्याकडे वीस सापडली तर तिची सगळी जाणार, आणि शोधणार कोण, तर ती!

कॅफेत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. आर्लो म्हणून माझा जुना दोस्त आहे, सकाळच्या कॉफीवर फासे टाकायला बसतो. तो म्हणाला, "एल्डन, कुंपणच शेत खातं हे ऐकलं होतं, तुझ्याकडे तर कुंपणाला विचारून खाणार!"

"हस, हस तू."

"अरे, माहेरची माणसं आहेत ती तिची. माहेरच्यांना कोण विष घालू देईल? दहा-बारा सापडतील बघ तिला. फार तर तेरा."

मीही तेच धरून चाललो होतो. रात्रभर लव्होनचं डोकं खाल्लं. ती शेवटी म्हणाली, "तुम्ही तिला ओळखत नाही." मी म्हटलं, "एकतीस वर्षं ओळखतोय." ती कूस बदलून झोपली.

जुलैत मोजणीचा दिवस आला. मी ठरवलं, बाईवर नजर ठेवायची. पिकअप काढली आणि हॉर्न दिला. आर्डिस फावडं घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी ठेव. चालत जायचं."

"पाऊण मैल? या उन्हात?"

"तू तुझी सतरा गाडीतून मोजलीस ना?"

"मग काय रांगत मोजू?"

"आणि गोळ्या कुठून घालतोस?"

"गाडीतूनच."

फावडं खांद्यावर टाकून ती चालायला लागली. माझ्या टाळक्यात उजेड पडायला चालत निम्मं अंतर जावं लागलं. माझ्या गाडीचा आवाज आला की अर्धी वस्ती बिळात बसते, आणि मी उरलेल्यांची मोजदाद करून मिरवतो! इकडचा प्रत्येक गायवाला अशीच मोजणी करतो, त्यामुळे आजवर कुणी कुणाला हसलं नाही. मला तिचा आणखी राग आला. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

तिची पद्धत अशी. दिसेल त्या प्रत्येक बिळाच्या तोंडात फावडंभर माती सैल टाकायची आणि शेजारी लहान झेंडी खोचायची. ज्यात कुणी राहतं ते आतून उकरून माती बाहेर फेकतं. ओसाड बिळं बंदच राहतात. दोन सकाळी बघायचं, उघडलेली मोजायची. मी पोलिसासारखा मागे मागे.

"आर्डिस, पाय देऊन दाबू नकोस!"

"मी दाबत नाहीये."

"फावड्याची पाठ मारलीस आत्ता."

तिने फावडं माझ्या हातात दिलं. "घे. तू टाक. मी झेंड्या लावते."

झालं! म्हणजे मजुरीही माझ्याच गळ्यात. त्रेसष्ट बिळांत मी माती टाकली. पाठीचा पार कणा मोडला. त्यातली सात तर मला ठाऊकही नव्हती. तळ्याच्या बांधाखाली, झुडपाआड, जुन्या नांगराच्या मागे. मी पुढे गेलो की ही हाक मारायची, "एल्डन, इथे एक राहिलं." मी म्हटलं, "अगं बाई, तू कुणाच्या बाजूची आहेस?" ती म्हणाली, "कुणाच्या बाजूने म्हणजे? बीळ आहे ना इथे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. एक, दोन, तीन… बांधाखालची दोन उघडलेली. नांगरामागचं उघडलेलं. सतरा. अठरा. एकोणीस. पुढे सगळी बंद. मी पुन्हा पहिल्यापासून चालत गेलो. एकोणीस.

मी टोपी जमिनीवर आपटली. "एकाने! एका बिळाने, आर्डिस!"

"हो."

"आता पाच वर्षं या उंदरांना पोसत बसायचं! तुला आतून उकळ्या फुटत असतील."

"फुटताहेत," ती म्हणाली. गालांवर लाल चट्टे उठले होते. "मी काय दगड आहे? काल रात्री मी प्रार्थना केली की वीसच्या खाली निघू देत. तुला सांगते, देवाकडे आजवर मी कधी आकडा मागितला नव्हता." मग तिने नाक पुसलं. "पण उद्याची सकाळ बाकी आहे."

मी फणफणत घरी आलो. उद्याच्या सकाळीत काय ठेवलंय? जे नांदतात ते पहिल्याच रात्री उकरतात, हे मलाही माहीत होतं. मी गेलोच नाही. ती एकटी गेली. न जाता घरी बसली असती आणि "गेले होते, एकोणीसच" म्हणाली असती तर पृथ्वीच्या पाठीवर कुणाला कळलं असतं?

मी अंडी खात होतो. जाळीचा दरवाजा वाजला. आर्डिस आत आली, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि माझ्या बशीशेजारी नकाशा ठेवला.

"आज दोन नवीन उघडली. एक बॅजरने शिकारीसाठी बाहेरून उकरलंय, नखांचे ओरखडे रुंद आहेत, ते धरलं नाही. दुसरं खरं आहे. ताज्या लेंड्या आहेत, पिल्लू बाहेर आलं होतं. वीस."

मी काटा खाली ठेवला. खरं म्हणजे उडी मारायला हवी होती. तीन वर्षं ज्याची वाट बघत होतो ते बशीशेजारी येऊन पडलं होतं. पण मला इतका संताप आला की तोंडातलं अंडं गिळवेना.

"तुला कुणी सांगितलं होतं जायला?"

"दोन सकाळी बघायचं असतं."

"मी नव्हतो तिथे! कुणी नव्हतं! एकोणीस म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? मी बोंबललो असतो चार दिवस आणि गप्प बसलो असतो. तुझी जनावरं वाचली असती, बये!"

"वाचली असती," ती म्हणाली. "पण मग आधीच्या एकोणीस वर्षांच्या वह्यांचं काय करू? त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं मला पाहिजे होतं म्हणून लिहिलेलं, ते कोण सांगणार? मलाच सांगता येणार नाही." मग खुर्ची ओढून बसली आणि नकाशावर बोट ठेवलं. "इथे तुझी सही लागते."

लव्होन कॉफीचं भांडं हातात धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी सही केली. तीन वर्षं गवत नव्हतं, गायी अर्ध्या झाल्या होत्या, मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. कॅफेत आर्लोने विचारलं, "कसं काय पटवलंस रे वहिनीला?" मी त्याला फासे घरी घेऊन जायला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये डुएन माणसं घेऊन आला. औषध ओट्समध्ये कालवलेलं असतं. पण जनावर शहाणं, अनोळखी दाणा एकदम खात नाही. म्हणून आधी दोन दिवस साधे ओट्स टाकून त्यांना चटक लावायची असते, मग तिसऱ्या दिवशी औषधाचे. पहिल्या संध्याकाळी डुएन माझ्या अंगणात गाडी थांबवून म्हणाला, "एल्डन, एवढी सोपी वस्ती मी उभ्या जन्मात बघितली नाही. दाणा जमिनीवर पडायचा अवकाश! चटक लावायची गरजच नाही यांना."

आर्डिस दोरीवरचे कपडे काढत होती. तिने ऐकलं. ऐकणारच. एकोणीस वसंत तिने त्यांना ओट्स घालून पिंजऱ्यात धरलं होतं आणि नंबर घालून सोडून दिलं होतं. ओट्स खाल्ल्यावर माणूस सोडून देतो, एवढंच त्यांना आयांपासून मुलींपर्यंत ठाऊक.

"ती चटक मी लावली," ती डुएनला म्हणाली. "तुमच्या कागदावर तसं लिहा. नाहीतर पुढच्या वस्तीला औषध किती लागेल याचा हिशोब चुकेल."

डुएनने टोपी काढली. माझ्या तोंडून शिवी निघाली, कुणाला ते मलाही ठाऊक नाही. ती कपड्यांची टोपली घेऊन आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि लव्होनच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडली. मी व्हरांड्यात उभा होतो. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, अख्ख्या घराला ऐकू येत होतं. रूबेन गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. तिसऱ्या दिवशी औषध पडलं. चौथ्या दिवशी कुंपणाजवळ सामसूम.

मला वाटलं, सुटली एकदाची. वय बासष्ट, गुडघा वाकत नाही, आता हिने घरात बसून विणकाम करावं. कसलं काय! फेब्रुवारी संपता संपता सकाळी तिच्या गाडीचा आवाज आला. प्रोफेसरबाईंनी कळवलं होतं की वर यायची काही सक्ती नाही, तिथे आता काही नाही. आर्डिस म्हणाली, "काही नाही हेही कुणीतरी बघून लिहायला पाहिजे. नाहीतर लोक 'असेल थोडंफार' म्हणतील."

मनोऱ्याच्या शिडीवर बर्फ. मी म्हटलं, "पडशील आणि तंगडी मोडशील, मग भांडी कोण घासणार, मी?" म्हणजे सोबत जाणं आलं. ज्या कामाला मी शपथ घेऊन नकार दिला होता, त्याला मार्चभर आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसलो. बारा फुटांवर, दोन माणसं, एक कॉफीचा डबा, त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

साडेसात. ती दुर्बीण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची आणि वहीत लिहायची, शून्य. आठ, शून्य. साडेआठ, शून्य. अगदी तितक्याच सावकाश, जणू शंभर जनावरं समोर खेळताहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "आर्डिस, मी डोळे मिटून शून्य सांगतो, चल घरी." ती म्हणाली, "डोळे मिटलेलं शून्य वेगळं." नुसता वारा. बिळांच्या तोंडांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. माझ्या बाजूला वाळलेल्या गवतातून नवे हिरवे कोंब डोकावत होते. मला हवे होते तेच कोंब. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, आणि बारा फुटांवरून दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

महिनाअखेरीस एक दिवस साडेअकराची नोंद चालली होती. तिची दुर्बीण फिरता फिरता उत्तरेला थांबली. बराच वेळ थांबली.

"एल्डन, तुझ्या बाजूला एक आहे."

मी माझी दुर्बीण लावली. होतं. हडकलेलं, धुळीने माखलेलं, पाठीवर नंबर नाही. हिवाळ्यात केस झडले की रंगही जातो, तेव्हा कुणाचं कोण ते कळायला मार्ग नाही. मागच्या पायांवर उभं राहून इकडे तिकडे बघत होतं. हात वर फेकून किंचाळलं. मग थांबलं, कुणी उत्तर देतंय का म्हणून. पुन्हा किंचाळलं. इतक्या वर्षांत हजार वेळा तो आवाज ऐकून मी बंदुकीकडे हात नेला असेन.

"मला काही दिसत नाही," मी म्हटलं.

"दोन खांबांच्या मध्ये. सरळ तुझ्याकडे बघतंय."

"दिसत नाही म्हटलं ना! उन्हाने डोळे दिपताहेत."

"ऊन आपल्या पाठीमागे आहे."

"मग धूळ आहे! आर्डिस, काही नाहीये तिथे. शून्य लिही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून लिहायला लागली. मी वाकून वाचलं. 'साडेअकरा. कुंपणाच्या उत्तरेला, क्विस्टाडचं कुरण, एक. जमीनमालक सोबत आहे. त्याला दिसलं. नाही म्हणतो.'

"खोड ते!" मी ओरडलो. "ऑफिसात वाचतील ते. उरलंसुरलं साफ करायला डुएन पुन्हा येईल. एका उंदरासाठी येईल तो, नियमच आहे त्यांचा! तुझ्यासाठी बोलतोय मी, मूर्ख बाई, तुझ्यासाठी!"

"कळतंय मला," ती म्हणाली. "पण तुला खोटं बोलता येत नाही, एल्डन. मान लाल होते." आणि हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, वहीच्या पानावर पडलं. तिने बाहीने पान टिपलं, डोळे टिपले, दुर्बीण लावून पाहिली आणि खाली ठेवली. पुन्हा लावली, पुन्हा ठेवली. मग वही आणि पेन्सिल माझ्या मांडीवर ठेवली.

"बाराची नोंद तू घे. माझे डोळे भरलेत, मला नीट दिसत नाहीये."

मी म्हटलं, मी नाही घेणार. ती कोटाच्या टोकाने डोळे पुसत बसली. बारा वाजले. मी एका टोकापासून सुरुवात केली, तिच्यासारखी सावकाश, सगळं रिकामं बघत उत्तरेपर्यंत आलो. ते दोन खांबांच्या मध्येच होतं, हातात कोंब धरून खात होतं, माझाच. मी वहीत एक लिहिला.